अर्ध्या कागदावरचा पंख

प्रिय मल्लू,

बंगलोरहून मी परवा परत आले, ती एकटीच. नंदाला आणायला म्हणून अप्पांनी मला पाठवलं होतं आणि मी तिला न घेता आले. घरात हे कळलंय, गल्लीतही कळलंय. फक्त तुला सांगायचं राहिलंय. खरं तर सगळ्यांत आधी तुलाच सांगायला हवं होतं, बायको तुझी. पण आता तुला सांगायचं म्हणजे असं कागदावर, आणि त्यासाठी घर रिकामं मिळेपर्यंत थांबावं लागलं. शाळेला आज सुट्टी आहे, अप्पा दुकानात गेलेत. म्हणून बसले.

तू गेल्याला पावसाळा उलटून गेला. कावीळ म्हणजे पथ्याचं दुखणं, ताक-भात खाल्ला की उतरतं, असंच आपण सगळे धरून चाललो होतो. तूसुद्धा. ‘अक्का, डोळे पिवळे झालेत, बाकी मी ठणठणीत आहे,’ असं लिहिलं होतंस. असं लिहून जायचं असतं का रे?

तुझं काम नेमकं काय आहे ते मला कधी कळलं, आठवतं तुला? तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तू रजेवर आला होतास आणि दुकानात अप्पांजवळ बसला होतास. चादरी घ्यायला कुर्डुवाडीकडचा एक जुना गिऱ्हाईक आला होता. अप्पांनी त्याला ऐटीत सांगितलं, ‘हा आमचा मल्लू. बंगलोरला विमानं बनवतो.’ तू लगेच म्हणालास, ‘विमान न्हाई अप्पा. विमानाच्या पंखाचा मागचा पट्टा. आन पट्टा बी न्हाई, तो हलवायच्या दांड्या.’ त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. रात्री जेवताना अप्पा म्हणाले, ‘गिऱ्हाइकासमोर इतकं खरं बोलायची काय गरज होती?’

अव्वा तेव्हा होती; ती हसून हसून लाल झाली होती. ‘माझ्या पोरानं दांड्या केल्या तर केल्या, पण मला सांग, पंखाला दांड्या कशाला लागत्यात?’

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दुकानातून चादरींच्या खोक्याचे पुठ्ठे आणलेस आणि स्वयंपाकघरात मांडून बसलास. अव्वाचा जेवायचा पाट घेतलास आणि त्यात खुशाल पिना टोचल्यास. ती ओरडली, पण उठून गेली नाही. मीही तांदूळ निवडायचं सोडून बसले.

तू सांगितलंस, विमान वर गेलं की त्याला पंख सडपातळ हवा, म्हणजे हवा अडत नाही. पण उतरताना वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी केला की त्याच पंखाला भार पेलवत नाही. मग पंखच मोठा करायचा. मागचा पट्टा, फ्लॅप म्हणतात त्याला, तो आधी मागं सरकवायचा म्हणजे पंख रुंद होतो. मग खाली वाकवायचा म्हणजे पंखाखाली हवा धरली जाते.

‘धान्य घ्यायला पदर पसरत्यात तसं की,’ अव्वा म्हणाली.

तू तिच्याकडे बघतच राहिलास. ‘तसंच अव्वा. पण आधी मागं आन मग खाली. हेच तर लई अवघड हाय.’

रूळ टाकले तर सोपं होतं, तू म्हणालास, गाडी रुळावरून जाते तसा फ्लॅप वाकड्या रुळावरून जाईल. पण रूळ जड, त्यात धूळ बसते, चाकं अडकतात. तुला रूळ नको होते. तुला नुसत्या पट्ट्या हव्या होत्या आणि त्या फिरतील अशा बिजागऱ्या. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापून त्यांचं एकेक टोक तू पाटाला पिनेनं टोचलंस. दुसरी दोन टोकं तिसऱ्या, मोठ्या पट्टीला जोडलीस. ही तिसरी म्हणजे फ्लॅप. मग मला मास्तरासारखं विचारलंस, ‘अक्का, ह्या जोडणीला चार पट्ट्या लागत्यात. चौथी कुठाय?’

मी शोधत बसले. तू म्हणालास, ‘चौथी पट्टी म्हणजे हा पाट. म्हणजे पंख. तो हलत नाही, पण तोही धरायचा.’

फ्लॅपच्या पट्टीला भोक पाडून तू त्यात पेन्सिलीचं टोक घातलंस आणि पट्ट्या हलवल्यास. पेन्सिलीनं कागदावर एक वाकडी रेघ ओढली गेली. ती फ्लॅपची वाट. पहिल्या खेपेला ती आधी खाली गेली आणि मग मागं. ‘उलटं झालं. पायलट मला शिव्या घालील.’ एक पीन बोटभर सरकवलीस, नवी पट्टी कापलीस, पुन्हा रेघ. पुन्हा पीन. चहाची वेळ झाली तरी तू तिथंच. तुझ्या ऑफिसातही असंच काम चालतं, पुठ्ठे आणि पिना, असं तू सांगितलंस तेव्हा अप्पांचा विश्वासच बसला नाही. ‘सरकार ह्याला पगार देतं?’

एकदा दोन पट्ट्या सरळ एका रेषेत आल्या आणि सगळं अडून बसलं. पुढंही जाईना, मागंही येईना. नंदा दारात उभी होती, नवी नवरी, तोवर आमच्यासमोर फार बोलायचीही नाही. अक्कलकोटकडची, घरी सगळं कन्नड, मराठी बोलताना आधी मनात जुळवायची. ती हळूच म्हणाली, ‘हितं जरा बोट लावा की.’ आणि स्वतःच वाकून लावलं. पट्ट्या सुटल्या.

तू म्हणालास, ‘आकाशात बोट लावायला कोण जाणार? तू?’

‘पाठवलं तर जाईन,’ ती म्हणाली. म्हणाली आणि पळाली. रजा संपेपर्यंत तू तिला बोटवाली म्हणत होतास. ती खोटं खोटं चिडायची. तुम्हाला मूल झालं नाही, पण तुमच्यात हसायला कधी काही कमी पडलं नाही, हे मी बघितलंय.

आता एक बोलायचंय, ते मी तुझ्यापाशी कधी बोलले नाही. रागावू नकोस. मीही रागावलेली नाही.

माझा नवरा गेला तेव्हा मला टेंभुर्णीहून आणायला तूच आला होतास. मी विशीतली, तू डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातला, मिसरूड फुटलेला. सासूबाईंनी मला अडवलंही नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तू माझी ट्रंक स्वतः उचललीस. स्टँडवर मला उसाचा रस घेऊन दिलास, आणि मी पीत नाही बघून तोच ग्लास तू पिऊन टाकलास, वाया जाऊ नये म्हणून. एसटीत म्हणालास, ‘अक्का, घरी सगळं हाय की.’ आणि होतं. मला कुणी कोपऱ्यात बसवलं नाही. अप्पांशी भांडून मला ट्रेनिंग कॉलेजात घातलंस ते तूच. आज मी मास्तरीण आहे, माझ्या वर्गातल्या मुली मला ओळखतात, भाजीबाजारात नमस्कार करतात. हे सगळं तुझ्यामुळे.

पण मल्लू, त्या दिवशी तू मला येतेस का असं विचारलं का नाहीस?

मी हो म्हणाले असते. दुसरं काय म्हणणार होते? पण ते म्हणायचं राहून गेलं. त्यामुळे इतकी वर्षं झाली तरी मला वाटतं, मी आले नाही, मला आणलं. ट्रंक आणली आणि तिच्याबरोबर मला आणलं. हे खोटं आहे हे मला कळतं. पण एकेका सकाळी उठल्या उठल्या तेच वाटतं.

म्हणूनच अप्पा मला म्हणाले, ‘मल्ल्या असता तर त्यानं आणली असती, आता तूच जा,’ तेव्हा मला ती ट्रंक आठवली. त्यांचंही चुकत नव्हतं. कारखान्याचं घर सोडावं लागणार, परक्या गावी एकटी बाई, वर तोंडात कन्नड असलं तरी नात्याचं तिथं कुणी नाही. ‘लोक काय म्हणत्यात ते मी बघतो,’ अप्पा म्हणाले, ‘पर ती आजारी पडली तर पाणी कोण देणार तिला?’ कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून निघाले. गुंतकलला गाडी बदलताना तुझी आठवण येऊन रडले. तू म्हणायचास तिथला चहा फार वाईट. खरंच वाईट आहे.

नंदानं दार उघडलं तेव्हा मी आत बघितलं. काहीही बांधलेलं नव्हतं. भांडी फळीवर, तुझे बूट कोपऱ्यात. तिनं मला वाढलं, आणि ती भात घालत असताना मला दिसलं की तिच्या बोटाला शाई लागलीय. काळी, दाट. घासूनही न निघालेली.

‘ही कशाची गं?’

‘ऑफिसची,’ ती म्हणाली. मग भाताची ओगराळी तशीच हातात धरून तिनं सगळं सांगितलं.

तू ज्या ड्रॉइंग ऑफिसात होतास तिथंच कारखान्यानं तिला घ्यायचं म्हटलं होतं, ट्रेसर म्हणून. आधी काही आठवडे हात बघायचा, मग कायम. तुला हे काम माहीत आहे, मला नव्हतं. इंजिनियर पेन्सिलीनं आकृती काढतो, ट्रेसर तिच्यावर पारदर्शक कापड ताणून तीच आकृती शाईनं उतरवते, आणि त्याच्यावरून कारखान्यासाठी निळ्या प्रती निघतात. तिथं ह्या कामाला आणखीही बायका आहेत, नंदा म्हणाली. तिचा हात चांगला होता. तिच्या रांगोळ्या तर तू बघितल्याच आहेस. पहिले कागद छान उतरले. मग एके दिवशी तिच्यापुढं फ्लॅपच्या दांड्यांचा कागद आला.

‘मल्लूचा?’ मी मधेच विचारलं.

‘मीसुद्धा आधी खालच्या कोपऱ्यात नाव बघितलं, अक्का. नाही. दुसऱ्या कुणाचा होता.’

त्या कागदावर विमानाची मधली रेषा होती, आणि तिच्या डाव्या बाजूला पंख, दांड्या, बिजागऱ्या, सगळं बारीकसारीक. उजवी बाजू कोरी. नंदानं डावी बाजू उतरवली. मग तिनं कोऱ्या जागेकडे बघितलं. तिला वाटलं, साहेबांचं काढायचं राहिलं असेल, वेळ झाला नसेल. लहानपणापासून दारात रांगोळी घालणारी बाई ती. एक बाजू घालून उठणं तिला माहीतच नाही, तिच्या माहेरी ते अशुभ मानतात. तिनं मापं घेतली आणि उजवा पंख काढला. दांड्या उलट्या वळवून, बिजागऱ्या जागच्या जागी. दिवसभर बसून.

तुमचे ते म्हातारे मुख्य साहेब, चष्म्यावरून बघणारे, ते कागद घेऊन तिच्या टेबलापाशी आले. कन्नडमधून म्हणाले, ‘अम्मा, हे काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. अर्धं होतं म्हणून पुरं केलं.’

बाकीच्या टेबलांवर हसू फुटलं. एक जण म्हणाला, शेपटीवर फुलंही घाला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ओळ तिला वाचून दाखवली. डावा काढल्याप्रमाणे, उजवा त्याच्या उलट. तिनं ती ओळही शाईनं सुंदर उतरवली होती, फक्त तिचा अर्थ तिला कळला नव्हता.

‘दुसरी बाजू आपण काढत नाही अम्मा,’ साहेब म्हणाले. ‘ती आहे असं धरतो. दोन्ही काढल्या तर उद्या कुणी डावीकडे दुरुस्ती करील आणि उजवीकडे करायची विसरेल. मग एका बाजूचा फ्लॅप एका वाटेनं जाईल, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या, आणि विमान कुशीवर उलटं होईल. म्हणून एकच काढायचा. नीट काढायचा.’

आणि त्यांनी तिला कोरं कापड दिलं. पुन्हा पहिल्यापासून.

नंदा मला म्हणाली, ‘अक्का, दुसऱ्यांदा काढताना मधल्या रेषेपाशी आले आणि हात थांबेना. खरंच थांबेना. डाव्या हातानं उजवा मनगटापाशी धरला. शेजारची बाई म्हणाली, काय होतंय? मी म्हटलं, काही नाही, सवय नाही.’

‘मग?’

‘मग थांबला. आता थांबतो.’

एवढं बोलून तिनं माझ्या ताटात भात वाढला. तो गार झाला होता. मी तसाच खाल्ला.

रविवारी तिनं मला विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर नेलं. तू तिला तिथं न्यायचास म्हणे, शेंगदाण्याची पुडी घेऊन. मी तोवर विमान असं जवळून बघितलं नव्हतं. आपल्या होटगीच्या बाजूला कधीतरी एखादं दिसायचं ते ढगात, मुंगीएवढं. आम्ही उन्हात उभ्या राहिलो. एक विमान खाली येऊ लागलं. नंदानं माझा दंड धरला.

‘पंखाच्या मागं बघा. तोंडाकडं बघू नका, सगळे तोंडाकडंच बघतात. मागं. आता सरकला बघा… आता वाकतोय.’

आणि मल्लू, मला दिसलं. पंखाच्या मागून एक पट्टा निघाला, मागं गेला आणि मग खाली झुकला, दोन्ही बाजूंना एकदम. तू पाटावर जी रेघ ओढायला दुपार घालवलीस ती. त्या विमानात तुझी दांडी होती की नाही, मी विचारलं नाही. नंदाला ते माहीत असेल. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला एवढंच कळलं की ती इथं तुझ्यासाठी उभी नाही. ती काम बघत होती. जसं मी दुसऱ्या बाईंच्या वर्गाजवळून जाताना थांबून ऐकते, तसं.

परतताना वाटेत एका दगडावर बसलो आणि मी तिला विचारलं. इतकी वर्षं जे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं ते म्हणायला इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ‘नंदा, सोलापूरला येतेस का?’

तिनं बोटाची शाई पदरानं पुसून बघितली. मग म्हणाली, ‘अप्पांना वाईट वाटेल.’

‘ते मी बघते. तू तुझं सांग.’

‘नाही येत, अक्का.’ आणि तिनं एकदम रडायला सुरुवात केली. तू गेलास तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. येणारे जाणारे बघत होते. बघू दे.

ऑफिसातल्याच एका बाईंच्या ओळखीनं तिनं एका मास्तरणीच्या घरात खोली बघून ठेवली होती. मला सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून सामान बांधलं नव्हतं. दोघींनी मिळून ते तिकडे हलवलं. तुझे बूट तिनं घेतले. ते ठेव म्हणावं की देऊन टाक म्हणावं, मला कळेना.

अप्पा स्टेशनवर आले होते. टांगा ठरवून, दोघींचं सामान येणार म्हणून. डब्यातून मी उतरले, माझ्यामागून कुणी उतरेना. ते डब्याच्या दारात डोकावून आले.

‘नंदा कुटं हाय?’

‘नाही आली, अप्पा.’

त्यांनी माझी एकटीची पिशवी टांग्यात ठेवली. घरी येऊन पाय धुतले, विभूती लावली, जेवायला बसले आणि म्हणाले, ‘तुला आणायला पाठवलं होतं. विचारायला न्हाई.’

‘मी विचारलं.’

‘विचारल्यावर कोण व्हय म्हणतंय?’

‘मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, अप्पा.’

त्यांनी घास खाली ठेवला. ‘तुला हितं काय कमी पडलं गं?’

‘काही नाही. तुम्ही काही कमी पडू दिलं नाही. पण मला कुणी विचारलं नाही.’

‘तू तरी कधी बोललीस?’

आम्ही दोघंही ताटाकडे बघत बसलो. हे सगळं तुझ्या वाट्याचं बोलणं होतं बघ, तू असतास तर मधे काहीतरी चेष्टा केली असतीस आणि जेवण पुढं सरकलं असतं.

ताक घेताना अप्पांनी विचारलं, ‘खोली कुणाच्यात हाय?’

मी सांगितलं.

‘नळ आत हाय का भाईर?’

‘बाहेर. पण अंगणात.’

‘कडी बघितलीस दाराची?’

‘बघितली. भक्कम आहे.’

मग हात धुऊन आले आणि खुंटीवरची टोपी घालता घालता म्हणाले, ‘संक्रांत झाली की दुकान बंद ठिवून जाऊन येतो.’

मी दारापर्यंत गेले. ‘आणायला?’

‘बघायला म्हणलं की,’ ते म्हणाले, आणि रस्त्याला लागले. पाठमोरे फार वाकल्यासारखे दिसले मला. तू गेल्यापासून ते वाकलेत.

तर असं आहे सगळं. तुला पटलं का मी केलं ते? तुझी बायको मी परगावी ठेवून आले आहे. चूक असेल तर ती माझी एकटीची. पण मला वाटत नाही चूक आहे.

अप्पा जातील तेव्हा मी त्यांच्याबरोबर जाईन. वाटेत त्यांचं मन फिरलं आणि तिथं पोचल्यावर त्यांनी तिच्या ट्रंकेला हात घातला, तर मी तो हात धरीन. आणि पुढं कधी नंदालाच इकडं यावंसं वाटलं, तर तेही तिच्या तोंडून ऐकीन, आणि मगच टांगा सांगायला जाईन. तुला शब्द देते.

तुझी,
अक्का